मालक, राहणारा, शेरा

ईदनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी सात वाजता सतरा नंबरचं घर पाडण्यात आलं. पाडायला वीस मिनिटं लागली. घरात एक बाई राहत होती. तिला आधी बाहेर आणलं. त्याच्याही आधी आतले चार ढोल बाहेर आणले. मी तिथे हजर होतो. माझ्या हातात वही होती आणि पाडलेल्या घरापुढे खूण करणं हे माझं काम होतं.

ही हकीकत साठीच्या दशकाच्या उत्तरार्धातली आहे. गाव दुबईच्या उत्तरेला, उम्म अल कुवैनच्या वाटेवरचं एक लहान बंदर. अमिराती हे नाव तेव्हा नव्हतं. आमच्या कुलाबा जिल्ह्यात त्या सगळ्या किनाऱ्याला दुबईच म्हणत. पुढे मी मुंबईत वर्तमानपत्रात लागलो. तिथे पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं की डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं वेगवेगळं लिहायचं. खाली जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच लिहिलं आहे.

गावी मी मोजणी खात्यात दोन वर्षं नकाशे गिरवत होतो. माझ्या मामूचं त्या बंदरात कापडाचं दुकान होतं. तिथल्या नगरपालिकेने, म्हणजे बलदियाने, एक इंग्रज नगररचनाकार आणला होता आणि त्याला नकाशे काढणारा हवा होता. मामूने माझं नाव सांगितलं. मी बोटीने गेलो. साहेबांची कचेरी म्हणजे बलदियाच्या गच्चीवरच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत साहेब, दुसऱ्या खोलीत मी आणि बलदियाचा अरब कारकून. त्याला सगळे कातिब म्हणत.

साहेबांना एकच वस्ती दिली होती. खाडीच्या तोंडाशी, जुन्या मशिदीमागे, खजुरीच्या झापांची घरं. गावातले लोक त्याला हबशांचा फरीज म्हणत. फरीज म्हणजे मोहल्ला. तिथल्या लोकांचे आजे-पणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून विकले जाऊन आले होते. पुरुष मोत्यांच्या बोटींवर बुडी मारायचे, बायका धन्याच्या घरी पाणी भरायच्या. मग मोत्यांचा धंदा बसला. धन्यांना माणसं पोसणं जड झालं. कोणाला धन्याने सोडलं, कोणाला इंग्रजांच्या कचेरीतून आझादीचा कागद मिळाला, आणि सगळे या फरीजमध्ये येऊन राहिले. साहेब आले तेव्हा फरीज ओस पडत चालला होता. तरुण कुवेतला आणि अबुधाबीला तेलावर गेले होते. दर गल्लीत एखाददुसरं घर वाकलेलं, आत कोंबड्या.

‘‘हा मोहल्ला मरतोय,’’ साहेबांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. ‘‘आपल्याला तो जगवायचा आहे.’’

ते सज्जन होते. तीन आठवडे त्यांनी काही काढलं नाही, नुसते हिंडले. कोणत्या वेळी कोणत्या गल्लीत सावली असते ते वहीत लिहिलं. गल्ल्या मध्येच वळतात त्या समुद्राचा वारा आत यावा म्हणून, हे त्यांनी मला वाळूत उभं करून दाखवलं. वस्तीच्या मधोमध एक मोकळं अंगण होतं, तीस पावलं लांब, बावीस रुंद, एका टोकाला जुनी बोर. दर गुरुवारी दुपारनंतर तिथे ढोल वाजायचे. कोणी आजारी असलं की त्याला मध्ये बसवून वाजवायचे. एक माणूस कमरेला बकऱ्यांच्या खुरांचा पट्टा बांधून नाचायचा आणि ते खूर पावसाच्या सरीसारखे वाजायचे. साहेब बोरीखाली बसून पाहत राहिले.

त्यांच्या आराखड्यात ते अंगण होतं तसं ठेवलं होतं. तीन बाजूंना कमानी, खाली दुकानं, मागे सिमेंटच्या विटांची घरं, प्रत्येक गल्लीला नळ. अहवालाचं पहिलं वाक्य असं होतं: वस्तीतली माणसं वस्तीतच राहतील.

त्या अंगणाचं मोठं चित्र मी शाईत उतरवलं. साहेबांनी पेन्सिलीने माणसं काढली होती, ढोल वाजवणारी, पाणी नेणारी. मी ती काळ्या शाईने भरली. प्रिंट काढल्यावर ती डाग पडल्यासारखी दिसली. साहेब म्हणाले, ‘‘भरू नकोस. रेघा मार.’’ मी रेघा मारल्या.

मग घरांची नोंद करायची वेळ आली. साहेबांनी विचारलं, ‘‘तुमच्याकडे जमिनीचं रजिस्टर कसं ठेवतात?’’

मी त्याच दुपारी आखून दिलं. पाच रकाने: नंबर, मालक, राहणारा, लांबी-रुंदी, शेरा. आमच्याकडे सातबाऱ्यावर जमीन एकाच्या नावे असते आणि कसणारा कूळ म्हणून वेगळ्या रकान्यात असतो. माझे वडील कूळ होते. खोती कायद्याने गेली होती, पण आमचं घर कोणाच्या जागेत आहे असं कोणी विचारलं की वडील अजून खोताचंच नाव सांगायचे. घर आजोबांनी बांधलेलं होतं. राहणाऱ्याच्या वर एक मालक असतोच, हे मी विचार करून ठरवलं नव्हतं. ते मला ठाऊकच होतं. साहेबांना रकाने आवडले. त्यांनी वहीच्या कव्हरवर माझी आद्याक्षरं घातली.

त्या फरीजच्या जागेला मालक नव्हता, हे मला नंतर कळलं. जुन्या कुठल्या तरी हाकिमाने तोंडी सांगितलं होतं की इथे राहा. ज्याने खांब रोवले त्याचं घर. हे ऐकीव आहे, पण एकाहून अधिक म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं.

नोंदणीला दोन आठवडे लागले. मी घराबाहेर उभा राहून मोडक्यातोडक्या अरबीत विचारायचो, ‘‘घर कोणाचं?’’ ते घराण्याचं नाव सांगायचे. त्या किनाऱ्यावर कोणालाही तू कोण असं विचारलं की तो बापाचं, आजाचं आणि मग घराण्याचं नाव सांगतो. या लोकांचे आजे-पणजे विकले गेले तेव्हा त्यांच्या घराण्याचं नाव मागेच राहिलं होतं, त्यामुळे ते पूर्वीच्या धन्याच्या घराण्याचं नाव लावायचे. सुटका झाली तरी नाव तेच राहायचं. त्यावाचून निकाह लागत नसे, बोटीवर काम मिळत नसे. वस्तीतल्या बहुतेकांचं घराणं एकच होतं, गावातल्या एका मोती व्यापाऱ्याचं. मी ते नाव मालकाच्या रकान्यात लिहायचो. मग विचारायचो, ‘‘राहतं कोण?’’ ते स्वतःचं नाव सांगायचे. ते मी राहणाऱ्याच्या रकान्यात लिहायचो. मग ब्रश बुडवून दारावर लाल नंबर काढायचो. बहुतेक घरांना दार नव्हतं, गोणपाट होतं. तिथे खांबावर.

सतरा नंबरला दार होतं. मोडलेल्या बोटीच्या फळ्यांचं, खिळ्यांची भोकं तशीच. घर अंगणाच्या कडेला, बोरीला लागून होतं. ढोल याच घरात राहायचे. बाई साठीच्या आतबाहेरची होती, उंच, एका डोळ्यात फूल पडलेलं. ढोलांना ऊद घालणं आणि कोणत्या आजाऱ्यासाठी काय वाजवायचं ते ठरवणं हा तिचा मान होता. तिने ऊद घातल्याशिवाय ढोल उंबऱ्याबाहेर निघत नसे.

तिने मला नीट पाहून घेतलं आणि हिंदीत म्हणाली, ‘‘ए, बंबईवाला?’’

मी म्हटलं, ‘‘बंबई नहीं. कुलाबा.’’

‘‘कुलाबा तो बंबईमेंच है. ट्राम उधर जाके खलास होती है. मेरे को शिकाता है?’’

लहानपणी ती धन्याच्या घरासोबत दरसाल मुंबईला जायची. मोसम संपला की व्यापारी मोती विकायला तिकडे राहत आणि बायकामुलांची कामं करायला हिला नेत. तिचं हिंदी महमद अली रोडवरचं होतं.

‘‘तेरे मुलुक में मेरे जैसा काला आदमी है?’’

‘‘है. हमारे यहाँ जंजिरे में हबशी नवाब था.’’

तिने मागे वळून अरबीत बायकांना ओरडून सांगितलं. हशा झाला. ‘‘नवाब! और तू उसका कौन?’’

‘‘रयत.’’

‘‘तो खड़ा क्या है? सलाम कर.’’

मी सलाम केला. बायका पुन्हा हसल्या. एकीने आतून कॉफी आणून दिली. मग मी वही उघडली. बाईला वाचता येत नव्हतं, पण तिने रेघा मोजल्या आणि कुठे काय लिहायचं ते विचारून घेतलं.

‘‘नाम का दो खाना काहे को?’’

‘‘एक में घराने का नाम. एक में तुम्हारा.’’

‘‘मेरा पहले लिख.’’

‘‘फॉर्म ऐसाच है.’’

‘‘फॉर्म किसने बनाया?’’

मी सांगितलं, साहेबांनी.

ती दाराला टेकून उभी राहिली. ‘‘और ढोल? ढोल कौनसे खाने में?’’

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: चार ढोल. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘अच्छा. लिखा है तो अच्छा.’’ दारावर सतरा आकडा काढताना तिने फळी हाताने धरून ठेवली, कारण बिजागरी सैल होती.

यादी उन्हाळ्यात बलदियाच्या भिंतीवर लागली. नियम एका ओळीचा होता. नव्या मोहल्ल्यात घर मालकाला मिळेल. राहणाऱ्याची सोय मालकाने करावी. नियम बलदियाच्या मंडळाने केला होता. यादी माझ्या वहीवरून केली होती. बोरीभोवतीच्या सगळ्या घरांपुढे एकाच घराण्याचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी त्या घराण्याचा पुतण्या कचेरीत आला. व्यापारी स्वतः म्हातारा झाला होता, कारभार हाच पाहायचा. तिशीचा, अत्तर लावलेला, सोबत हलव्याचा डबा. ‘‘वल्ला, आम्हालाच ठाऊक नव्हतं,’’ तो हसत म्हणाला. ‘‘आजोबांनी कधी सांगितलंच नाही.’’

साहेबांनी त्याला बसवलं आणि सांगितलं की नोंदीत चूक झालेली दिसते. मी दुभाष्या होतो. साहेब म्हणाले ते मी सगळं सांगितलं.

‘‘चूक कसली?’’ तो म्हणाला. ‘‘आमच्याच घरची माणसं आहेत. माझ्या बापाला यांनी कडेवर खेळवलं. आम्ही काय यांना रस्त्यावर टाकणार?’’

‘‘मग घरं त्यांच्या नावावर करून द्या,’’ साहेब म्हणाले.

‘‘त्यांच्या नावावर?’’ त्याने माझ्याकडे पाहिलं, मी बरोबर सांगतोय ना अशा नजरेने. ‘‘पण नाव ते आमचंच लावतात ना?’’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पुतण्याने डबा उघडून आम्हा दोघांपुढे धरला. ‘‘इन्शाल्ला, सगळं नीट होईल,’’ असं म्हणून तो गेला. हलवा आम्ही खाल्ला.

बाकीच्या घरांतलं कोणी आलं नाही. सतरा नंबरची बाई आली. जिना चढून आली म्हणून तिला धाप लागली होती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून तिने फडक्यात बांधलेला कागद काढला. एका बाजूला अरबी, एका बाजूला इंग्रजी, खाली शिक्का. आझादीचा कागद. त्यात तिचं नाव होतं, ती अमुक घराण्यातली असल्याचं लिहिलं होतं, आणि आजपासून ती मोकळी आहे, कोणी तिच्या वाटेला जाऊ नये, असं लिहिलं होतं.

कातिबाने तो हातात घेतला आणि घराण्याच्या नावावर बोट ठेवलं. ‘‘हे बघ. पुरावा तिनेच आणला. अमुक घराण्यातली.’’

मी तिला ते हिंदीत सांगितलं. तिला अरबी माझ्याहून चांगलं येत होतं, तरी तिने माझं ऐकून घेतलं.

‘‘नीचे पढ़,’’ ती म्हणाली. ‘‘नीचे लिखा है आझाद.’’

‘‘आझाद आहेच,’’ कातिब म्हणाला. ‘‘बाई आझाद झाली. छप्पर आझाद झालं असं कुठे लिहिलंय?’’ त्याला स्वतःचं बोलणं आवडलं. त्याने ते साहेबांना ऐकवायला मला सांगितलं.

‘‘छप्पर मेरे मरद ने बाँधा,’’ बाई माझ्याकडे पाहून म्हणाली. ‘‘पूछ इसको, इसका बाप झाप पकड़ने आया था क्या? मेरा मरद दरिया से आता था, कान से खून निकलता था, फिर भी खंबा गाड़ता था. पूछ.’’

कातिबाला हिंदी येत होतं. तो हसला. ‘‘जबान बघा हिची. म्हणून आझाद केली असेल.’’

साहेबांनी मार्ग काढला. दुरुस्तीचा अर्ज करायचा, सोबत कागद जोडायचा, ते स्वतः मंडळाला पत्र लिहितील. अर्जाला मूळ कागद लागतो, नक्कल चालत नाही, असं कातिबाने सांगितलं. ते खरं होतं. नियमात तसंच होतं.

बाईने कागद परत फडक्यात बांधायला घेतला. ‘‘ये नहीं देती. पेटी से बाहर कभी निकाला नहीं.’’

मी म्हटलं, ‘‘अर्ज के साथ लगता है. वापस मिलेगा.’’

‘‘वापस कौन देगा?’’

‘‘मैं.’’

तिने फडकं पुन्हा सोडलं. मग तिने कागद टेबलावर ठेवला, माझ्यापुढे, कातिबापुढे नाही. मी अर्ज लिहिला, तिचा अंगठा घेतला, कागद टाचणीने जोडला. पावती कातिबाच्या पुस्तकातून द्यायची असते, ती दाखवली तरच मूळ कागद परत मिळतो. तेवढ्यात जोहरची बांग झाली आणि कातिब नमाजला गेला. पुस्तक त्याच्या खणात, किल्ली त्याच्या खिशात. बाई म्हणाली, जाऊ दे, तू बोलला ना. ती रिकामा डबा घेऊन जिना उतरली.

मामूकडे मी दुपारी जेवायला जायचो. त्या दिवशी सुरमई होती. मी सगळं सांगितलं. मामूने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

‘‘वही कुनाकडं हाय?’’

‘‘माझ्या खणात.’’

‘‘मग तू काय करनार?’’

मी म्हटलं, मंडळ अर्ज वहीशीच ताडून पाहणार, दोन नावांची अदलाबदल केली तरी पुरे. पहिल्या रकान्यातलं खरवडायचं आणि तिचं लिहायचं.

‘‘आपला दुकान कुनाच्या जाग्यात हाय, म्हायती हाय ना तुला?’’

दुकान त्याच व्यापाऱ्याच्या इमारतीत होतं. मला ते माहीत होतं.

‘‘मग खरवड,’’ मामू म्हणाला. ‘‘आन बोटीचा टिकिट काढ. दोन काढ. एक तुझा, एक माझा. घरी तुझ्या आयेला काय सांगायचा ता तूच सांग. भात घे अजून.’’

मी भात घेतला.

वही तीन दिवस माझ्या खणात होती. शाई होती. चुकलेली रेघ खरवडायचं ब्लेड होतं, आणि कागद न फाटता खरवडण्यात माझा हात चांगला होता. साहेब तसं म्हणायचे. मी वहीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी कातिब ती मंडळाकडे घेऊन गेला आणि ती शिक्का बसूनच माझ्याकडे परत आली.

साहेबांनी पत्र लिहिलं. ते चांगलं पत्र होतं, मी टाइप केलं. राहणाऱ्यांनाच मालक धरावं, नाहीतर आराखड्याचा हेतूच राहत नाही, असं त्यात होतं. उत्तर लेखी आलं नाही. तोंडी निरोप आला की उद्घाटनानंतर पाहू. सिमेंटचं जहाज नांगर टाकून उभं होतं. दोन दिवसांनी सकाळी चहा घेताना साहेब म्हणाले, ‘‘आराखडा चांगला आहे. एकदा उभा राहिला की माणसं परत येतील.’’ अहवालाचं पहिलं वाक्य त्यांनी तसंच ठेवलं. मी विचारलं होतं, बदलू का. नको म्हणाले.

हिवाळ्यात माणसं हलवली. व्यापाऱ्याच्या घराण्याने गावाच्या मागे, मिठागरासारख्या पांढऱ्या पडीक जमिनीपलीकडे, खोल्यांची एक रांग बांधली होती. नियमात होतं तशी सोय. तिथून समुद्र दिसत नव्हता आणि वारा येत नव्हता. लॉरीने चार खेपांत लोक गेले. ज्यांची बायकामुलं जास्त त्यांना कडेची खोली मिळाली. ढोल न्यायचे नाहीत, ते नव्या चौकात लागतील, असा निरोप होता. ढोल सतरा नंबरमध्ये राहिले आणि ढोल राहिले म्हणून बाई राहिली.

तिला वेगळा निरोप होता. म्हातारी आहे, मिठागरावर कशाला, घराण्याच्याच वाड्यात मागच्या अंगणात एक खोली रिकामी आहे. निरोप सांगायला पुतण्याने मला पाठवलं, कारण माझ्याशी ती बोलते असं त्याने ऐकलं होतं.

ती बोरीखाली बसली होती. भोवती घरं नव्हती, रोवलेल्या खांबांची भोकं होती. पलीकडे कमानी उभ्या राहिल्या होत्या.

‘‘वो आंगन?’’ ती म्हणाली. ‘‘उस आंगन में मैंने बीस बरस झाड़ू मारा. मेरे को मालूम है कौनसा पत्थर हिलता है.’’ मग म्हणाली, ‘‘कागज का क्या हुआ?’’

‘‘अर्ज मंडल में है.’’

‘‘तू बोला था.’’

‘‘हाँ.’’

‘‘तेरा नवाब होता ना,’’ ती म्हणाली, ‘‘तो तेरे को उलटा टांगता.’’ ती हसली नाही. मी परत येऊन पुतण्याला सांगितलं की ती नाही म्हणते.

उद्घाटन ईदनंतरच्या दुसऱ्या गुरुवारी ठरलं. पाहुणे बाहेरून येणार होते आणि कार्यक्रमात ढोल होते. सतरा नंबर चौकाच्या कडेला, नेमकं पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे येत होतं. ते मंगळवारी काढायचं ठरलं. ढोलांना धक्का लागू नये, ते आधी बाहेर काढावेत, अशी सूचना साहेबांनी लेखी दिली. ती मीच टाइप केली.

मंगळवारी सात वाजता बलदियाचे चार मजूर, मुकादम, एक जीप आणि मी गेलो. दार आतून ओढून घेतलेलं होतं. मुकादमाने ढकललं, ते उघडलं. चारही ढोल मागच्या भिंतीशी उभे होते आणि बाई त्यांच्यापुढे जमिनीवर बसली होती. ऊद पेटवलेला नव्हता. धुपाटणं रिकामं, पालथं ठेवलेलं होतं.

मी मुकादमाला सांगितलं की हिने ऊद घातल्याशिवाय ढोल बाहेर काढत नाहीत.

‘‘किती वेळ लागतो?’’

‘‘पाच-दहा मिनिटं.’’

‘‘मग सांग तिला, घाल म्हणावं. यल्ला.’’

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘नहीं डालती.’’

मुकादमाने पाच मिनिटं वाट पाहिली. मग मजुरांना खूण केली. बाई जागची हलली नाही, म्हणून त्यांनी ढोल तिच्या डोक्यावरून उचलून बाहेर दिले, एकामागून एक. तिसरा जड होता. तो देताना एकाचा तोल गेला आणि ढोलाची कड तिच्या खांद्याला लागली. तिने हात वर करून ढोल सावरला आणि पुढच्याच्या हातात दिला.

मी वहीत शेऱ्याच्या रकान्यात खूण केली.

‘‘बंबईवाला,’’ ती म्हणाली, ‘‘अब मेरे को कौनसे खाने में लिखेगा?’’

बलदियाच्या माणसांनी बाईमाणसाला हात लावायचा नाही, असा पुतण्याचा निरोप होता. त्यासाठी त्याने घरातल्या दोन बायका पाठवल्या होत्या. दोघी फरीजमधल्याच होत्या. एक तिच्या भावाची मुलगी. त्यांनी तिला दोन्ही काखांत हात घालून उठवलं आणि बोरीखाली नेलं. भाची तिच्याशी हळू बोलत होती. काय, ते मला ऐकू आलं नाही. मग मधल्या खांबाला दोर बांधून जीपने ओढलं. झाप खाली आले. धुरळा बसेपर्यंत थांबून मी सतरापुढे खूण केली आणि वेळ लिहिली.

दार साहेबांनी मागवलं होतं. जुनं लाकूड आणि खिळ्यांची भोकं त्यांना फार आवडायची. ते जीपमध्ये घालून त्यांच्या बंगल्यावर पोहोचवलं. पुढे त्याला पाय लावून व्हरांड्यात टेबल केलं. मी त्यावर चहा घेतला आहे. सतरा आकडा पुसलेला नव्हता.

गुरुवारी मिठागरापलीकडून वाजवणारे लॉरीने आणले. त्यांनी वाजवलं. ज्याच्या कमरेला खुरांचा पट्टा असायचा तोही आला होता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. चार वाजता कमानींची सावली खुर्च्यांवर आली, नकाशात जिथे दाखवली होती बरोबर तिथे. साहेबांनी मला बोलावून ती दाखवली.

कमानींखालची दुकानं पुढच्या दोन महिन्यांत भाड्याने गेली. एक मामूने घेतलं. फरीजमधल्या लोकांपैकी त्या चौकात राहायला कोणी परत आल्याचं मी असेपर्यंत पाहिलं नाही.

बाईला मी त्यानंतर एकदा पाहिलं. व्यापाऱ्याच्या वाड्यावर चौकाच्या नकाशाची प्रत द्यायला गेलो होतो. ती मागच्या अंगणात स्वयंपाकघराच्या पायरीवर तांदूळ निवडत होती. पुतण्या म्हणाला, ‘‘बघा, आपल्याच घरी आहे. उगाच एवढं झालं.’’ त्याने तिला हाक मारून माझ्यासाठी कॉफी आणायला सांगितली. तिने आणली. कप माझ्या हातात देताना तिने विचारलं, ‘‘कागज?’’

‘‘फाइल में है.’’

‘‘वापस?’’

मी म्हटलं, ‘‘इन्शाल्ला.’’

ती आत गेली. चालताना तिने अंगणातला एक दगड ओलांडून पलीकडे पाय ठेवला.

दुसऱ्या वर्षी साहेबांचं काम संपलं आणि माझंही. निघण्यापूर्वी मी सगळ्या फाइली कातिबाच्या ताब्यात दिल्या. प्रत्येक फाइल उघडून आतले कागद मोजायचे आणि यादीवर दोघांनी सही करायची, असं ते काम होतं. सतरा नंबरच्या फाइलमध्ये तीन कागद निघाले. साहेबांच्या पत्राची प्रत, एक पान. दुरुस्तीचा अर्ज, एक पान. त्यावर मंडळाचा शेरा होता: अर्जदार आता मालकाच्या घरी राहते, सबब दुरुस्तीचं कारण उरत नाही. आझादीचा कागद, मूळ, एक पान.

कातिबाने विचारलं, ‘‘याची पावती दिली होती का?’’

मी म्हटलं, ‘‘नाही.’’

त्याने यादीत तसं लिहिलं. आम्ही दोघांनी सही केली. त्याने फाइल कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं.